हँडब्रेक ओढून बघितलाय का?

(१९९६च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, आपल्या जुन्या वर्गात झालेल्या ‘पुन्हा एक तास’ या कार्यक्रमातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं, प्रत्येकाने आपल्याला येत असलेलं काहीतरी शिकवायचं, पंधरा मिनिटांचा तास घ्यायचा. मघाशी आपल्या डॉक्टर मित्राने रक्तदाबाबद्दल सांगितलं, बागायतदार मैत्रिणीने आंब्याच्या मोहोराबद्दल. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझ्या कामातलं खरंच शिकवायला घेतलं, तर दुसऱ्या मिनिटाला मागचा बाक झोपेल. तो २८ वर्षांपूर्वीही झोपायचाच. म्हणून मी विषय घेतलाय तुम्हा सगळ्यांच्या हाताजवळचा. गाडीचा हँडब्रेक.

सकाळी आल्यावर मी मैदानातल्या गाड्या मोजल्या. २२ चारचाकी आहेत. खिडक्यांतून वाकून किती जणांनी हँडब्रेक ओढलाय तेही बघितलं. हसू नका. ज्यांची दांडी वर दिसली, अशा गाड्या फक्त ९.

माझे बाबा एस.टी.त चालक होते, हे तुम्हाला माहीत आहे. वरच्या वाड्यांतून येणारे तुम्ही कितीतरी जण त्यांच्याच मुक्कामाच्या गाडीने सकाळी शाळेत यायचात. गाडी सुरू करून बाबा लगेच निघायचे नाहीत. हवा भरेपर्यंत थांबायचे, ब्रेक लावून बघायचे, सोडायचे, पुन्हा लावून बघायचे. सपाट जागेवरसुद्धा. मी लहानपणी विचारलं होतं, “बाबा, गाडी उभीच आहे, मग ब्रेक कशाला?” ते म्हणाले, “लागतो तेव्हा नाही गो बाय, लागत नाही तेव्हा लावून बघायचा.” मला वाटलं, चालकांची काहीतरी सवय असेल. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला दोन धक्के बसावे लागले.

पहिला धक्का गडग्याला बसला.

मी २००८ मध्ये पुण्यात पहिली गाडी घेतली. सोसायटीचं पार्किंग सपाट. गाडी गिअरमध्ये टाकायची, किल्ली काढायची, झालं. हँडब्रेक मी वर्षा-वर्षात ओढत नव्हते. २०१२च्या गणपतीत घरी आले. आमच्या घरापुढचा उतार तुम्हाला ठाऊक आहे. पाऊस होता, सामान होतं, घाई होती. गाडी न्यूट्रलमध्येच राहिली आणि मी हँडब्रेक जोरात ओढून उतरले. दहा मिनिटं गाडी नीट उभी होती. मग टक्कन आवाज आला आणि ती मागे निघाली. कोणी ओरडायच्या आत जांभ्याच्या गडग्यावर जाऊन आदळली. मागचा बंपर गेला, गडग्याचे चार चिरे पडले, एवढंच नुकसान. पण त्याच गडग्यावर बसून थोड्या वेळापूर्वी माझी पाच वर्षांची भाची दुर्वा निवडत होती. आजीने हाक मारली म्हणून ती आत गेली होती.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी एक दगड उचलून चाकाच्या मागे लावला आणि घरात गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने खालून तार काढून दाखवली. हँडब्रेकची दांडी ओढली की एक पोलादी तार ताणली जाते, ती मागच्या चाकांकडे जाते आणि तिथले लायनर ड्रमवर दाबले जातात. दांडी वर घेताना कट-कट आवाज येतो ना, तो तिला जागेवर धरून ठेवणाऱ्या दात्यांचा. माझ्या गाडीतली तार आवरणाच्या आतल्या आत गंजली होती. बरेचसे धागे आधीच तुटलेले, थोडे शिल्लक होते. त्यांनी दहा मिनिटं गाडी धरली आणि तेही गेले. मेकॅनिक म्हणाला, “ताई, तार वापरून खराब नाही झाली, न वापरून झाली.” महिन्यातून चार वेळा जरी ओढली असती, तर ती जड लागतेय हे हाताला कळलं असतं.

आता हा ब्रेक वेगळा कशासाठी, ते बघू. पायाचा ब्रेक चालतो तेलावर. पेडल दाबलं की तेलाचा दाब चारही चाकांपर्यंत पोचतो. हँडब्रेकचा तेलाशी संबंध नाही, तो तारेवर चालतो. तेल गळलं तरी तार आहे. आपल्याकडे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही चारचाकीला एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक हवेत असं म्हटलंय, एक पायाचा आणि एक गाडी उभी करण्याचा. म्हणजे याचं रोजचं काम उभी गाडी धरून ठेवणं. पायाचा ब्रेक गेलाच, तर चालती गाडी थांबवणं हे त्याचं वर्षानुवर्षांत कदाचित एकदाही न येणारं काम.

पण त्याला मर्यादा आहेत. त्या माहीत नसतील तर तोच घात करतो. तो बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना लागतो. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी वेगात असताना दांडी एकदम खेचली, तर मागची चाकं जागच्या जागी आवळतात, घसरतात आणि गाडी फिरते. आपल्या घाटात गाडी फिरायला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी आहे.

म्हणून हे नीट ऐका. तासाचा हा भाग परीक्षेला आहे.

घाट उतरताना पेडल खाली जायला लागलं, ब्रेक लागेना, तर पहिली गोष्ट म्हणजे इंजिन बंद करायचं नाही. बंद केलं तर स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली पूर्ण फिरली तर ते लॉकही होऊ शकतं. पेडल भराभर दाबत राहायचं, थोडाफार दाब परत येऊ शकतो. गिअर एकेक करून खाली आणायचा, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढतं. चारही इंडिकेटर लावायचे, हॉर्न दाबून ठेवायचा. मग हँडब्रेक. दांडीच्या टोकाचं बटण अंगठ्याने दाबूनच ठेवायचं, म्हणजे ती दात्यांत अडकत नाही, आणि हळूहळू ओढत न्यायची. मागचं चाक घसरतंय असं वाटलं की थोडी सोडायची, परत ओढायची. तरीही थांबत नसेल तर डोंगराच्या बाजूला घ्यायचं. खडी, माती, झुडपं, काही चालेल. पत्रा चेपला तर चेपू दे.

ती वेळच येऊ नये म्हणून बाबांचा नियम आहे: ज्या गिअरने घाट चढतो, त्याच गिअरने उतरायचं. उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला तर लायनर तापतात, तेलही उकळू लागतं आणि पेडल मऊ पडतं. आणि लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकची तार वेगळी असली तरी मागचे लायनर तेच असतात. पायाने ते जाळून टाकले, तर हात काय करणार? डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे महाभाग या वर्गातही असतील. मला नावं नकोत.

गाडी उभी करतानाही क्रम आहे. पाय ब्रेकवर, मग हँडब्रेक, मग गिअर. गाडीचं तोंड चढाला असेल तर पहिला, उताराला असेल तर रिव्हर्स. उतार जास्त असेल तर चाकाला दगड. निघताना तो दगड रस्त्यातून उचलून बाजूला टाकायचा, मागून येणारा दुचाकीवाला आपलाच कोणीतरी असतो. फक्त पावसाळ्यात महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल, तर ती सपाटीवर ठेवून गिअर आणि दगडांवर सोडावी, कारण ओल धरून लायनर ड्रमला चिकटतात. अनेक नव्या गाड्यांत दांडी नसते, एक बटण असतं. ते मोटरने ब्रेक आवळतं. त्यातल्या अनेक गाड्यांत चालताना बटण ओढून धरलं तर गाडी सावकाश थांबते. तुमच्या गाडीत काय होतं, ते पुस्तिकेत वाचा. निदान ते एक पान वाचा.

आता थोडं मोठ्या गाड्यांकडे जाऊ, कारण मला खरं जे सांगायचंय त्याची वाट तिथून जाते.

एस.टी.सारख्या मोठ्या गाड्यांत हवेचा ब्रेक असतो. त्यांच्या उभं राहण्याच्या ब्रेकमध्ये एक जबरदस्त स्प्रिंग असते. ती सतत ब्रेक लावायलाच बघत असते आणि हवेचा दाब तिला मागे रेटून धरतो. हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो. म्हणून सकाळी हवा भरेपर्यंत गाडी हलत नाही.

ही उलटी युक्ती रेल्वेत फार आधी आली. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन माणसाने १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. इंजिनातून हवा पाठवली की डब्यांना ब्रेक लागायचा. पण नळी फुटली किंवा डबे तुटून मागे राहिले, तर हवा पोचणार कशी? नेमकं संकटातच ब्रेक निकामी. म्हणून १८७२ मध्ये त्याने रचना उलटी केली. नळीतला दाब ब्रेक सुटलेला ठेवेल आणि दाब गेला की ब्रेक लागेल. आपल्या डब्यातली साखळी याच तत्त्वावर आहे. साखळी ओढली की नळीतली हवा बाहेर पडते. त्या साखळीखाली दंडाची पाटी असते, आपण ती घाबरून वाचतो. १९८९च्या रेल्वे कायद्यात कलम १४१ आहे, १ वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ती शिक्षा साखळी ओढण्याबद्दल नाही, पुरेशा कारणाशिवाय ओढण्याबद्दल आहे. कारण असेल तर साखळी ओढायला तुम्ही स्टेशनमास्तर असावं लागत नाही. डब्यातला कोणीही ओढू शकतो.

हे सगळं मला पाठ होतं. इंजिनिअरिंगला यावर गुणही मिळाले होते. तरी दुसरा धक्का बसलाच.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते, तिथे लोकांच्या पैशांचे व्यवहार करणारी प्रणाली आम्ही सांभाळत होतो. एका रात्री आम्ही नवीन बदल सुरू केला. त्या पाळीची प्रमुख मी. बदलात काही चुकलं, तर तो क्षणात बंद करायला आम्ही एक स्विच बनवला होता. आमचा हँडब्रेकच. तो असावा असा आग्रहही बैठकीत मीच धरला होता.

रात्री ११ वाजून २० मिनिटांनी एक मुलगी माझ्याकडे आली. नोकरीला लागून तिला सातच महिने झाले होते. म्हणाली, “मॅडम, काही लोकांचे पैसे दोनदा कापले जातायत असं दिसतंय. बंद करूया का?” मी म्हणाले, “दहा मिनिटं थांब. आधी कारण तर कळू दे.” मला भीती कशाची होती, सांगू? पैशांची नाही. उगाच बंद केलं आणि काहीच निघालं नाही, तर सकाळी वरच्यांना काय सांगायचं, याची. दहा मिनिटांची पन्नास झाली. ती मुलगी मध्ये दोनदा येऊन उभी राहिली आणि न बोलता परत गेली.

शेवटी मी स्विच दाबला. तो चाललाच नाही.

कारण सकाळी कळलं. तो स्विच चालवायला ज्या सर्व्हरमधून जावं लागत होतं, तोच सर्व्हर त्या गोंधळात गुदमरला होता. म्हणजे आम्ही हँडब्रेक बसवला होता, पण पायाच्या ब्रेकच्याच तेलावर. कोणी कधी ओढून बघितला नव्हता, म्हणून कोणाला कळलं नव्हतं. शेवटी सगळंच बंद करावं लागलं, त्यात आणखी अर्धा तास गेला. लोकांचे पैसे पुढच्या काही दिवसांत परत गेले. पण तक्रारींच्या फोनचं ध्वनिमुद्रण मी बसून ऐकलं. त्यात एक माणूस होता. रात्री पावणेबाराला हॉस्पिटलच्या काउंटरवर उभा. खात्यातली रक्कम दोनदा कापली गेल्याने अनामत भरायला पैसे उरले नव्हते. तो चिडला नव्हता. शांतपणे विचारत होता, “आता मी काय करू, तेवढं सांगा.” पावणेबारा. त्या मुलीने विचारल्यानंतर पंचवीस मिनिटांनी.

त्याच्या पेशंटची भरती झाली, एवढं पुढच्या फोनवरून कळलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्या रात्रीनंतर मला आठवले आपले गणिताचे सर. ते समोर बसलेत, त्यांना हे मी कधी सांगितलं नाही. आठवतंय, जूनमधला त्यांचा पहिला तास? ते म्हणायचे, “शिकवताना समजलं नाही की हात वर करायचा. हात दिसला की मी खडू खाली ठेवीन.” आणि मग काहीही शिकवायच्या आधी ते एकेकाला हात वर करायला लावायचे. अख्ख्या वर्गाला, पाळीपाळीने, काही कारण नसताना. दर वेळी खरोखर खडू टेबलावर ठेवायचे, त्या मुलाकडे बघायचे आणि खडू परत उचलायचे. आपण हसायचो. अर्धा तास त्यातच जायचा, म्हणून खूशही व्हायचो.

सर, तुम्ही आमचे ब्रेक तपासत होतात, हे मला चाळिशीला टेकल्यावर कळलं. ज्याने एकदा विनाकारण हात वर केलाय, तोच अडल्यावर करतो. आणि समोरचा खडू खरंच खाली ठेवतो हे ज्याने बघितलंय, तोच पुन्हा करतो. त्या रात्री त्या मुलीने हात वर केला होता. मी खडू खाली ठेवला नाही.

मी तिची माफी मागितली, सगळ्यांसमोर. आणि आम्ही तीन गोष्टी बदलल्या. स्विच पूर्ण वेगळ्या वाटेने जोडला. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, काहीही बिघडलेलं नसताना, तो ओढून बघायला लागलो, आणि दर वेळी वेगळ्या माणसाच्या हातून. तिसरं म्हणजे, ज्याला शंका येईल त्याने ओढायचा, परवानगी न मागता. नंतर काहीच निघालं नाही, तर त्याला ‘का ओढलास?’ असं विचारायचं नाही, ‘काय दिसलं?’ असं विचारायचं. पहिल्या वर्षात तो चार वेळा ओढला गेला. तीनदा काही निघालं नाही. चौथ्यांदा निघालं आणि सहा मिनिटांत थांबलं. ती नऊ महिन्यांपूर्वी लागलेल्या एका मुलाने ओढला होता, आणि माझी परवानगी विचारली नव्हती. मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, आपण आता अशा वयात आहोत की आपल्यापैकी बहुतेक जण कुठे ना कुठे स्टिअरिंगवर बसलेत. कोणी शाखा चालवतंय, कोणी दुकान, कोणी सोसायटी, कोणी याच शाळेत शिकवतंय. घर तर सगळेच चालवतोय. शेजारी बसलेलं कोणी ‘जरा थांबूया का?’ म्हणालं, तर आपण काय करतो, तेवढं घरी जाऊन आठवून बघा. बायको म्हणत असेल, मुलगा म्हणत असेल, हाताखालची नवी मुलगी म्हणत असेल. त्यांनी म्हणणं सोडून दिलं असेल, तर तार गंजलीय असं समजा.

आणि हे जड वाटत असेल, तर सोपा गृहपाठ देते. उद्या सकाळी एखादा मोकळा, बेताचा उतार बघा, मागेपुढे कोणी नाही असा. पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा, आणि पाय अगदी हळू उचला. गाडी जागेवर राहिली तर उत्तम. हलली, किंवा दांडी अगदी वरपर्यंत येऊनही धरत नसेल, तर पाय परत ब्रेकवर आणि गाडी सरळ गॅरेजला. तार आवळायला फार वेळ लागत नाही.

बाबांचे गुडघे दुखतात म्हणून ते आज आले नाहीत. पण मी घरी गेले की विचारणार, “काय बोललीस?” त्यांचंच वाक्य त्यांना सांगणार आहे: लागत नाही तेव्हा लावून बघायचा. आणि माझी गाडी शाळेच्या उतारावर हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये, चाकाला दगड लावून उभी आहे. तो दगड निघताना मीच बाजूला करणार आहे.

सरांनी घड्याळाकडे बघितलं. मी खडू खाली ठेवते.